डोंगर साजरे, पायथे धोक्याचे

वादळी वारा आणि वितळता बर्फ ही डोंगरपायथ्याच्या वस्त्यांवरील दोन स्वतंत्र संकटे मानली जातात. त्यांची खाती वेगळी, हंगाम वेगळे आणि इशारेही वेगळे. कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, अल्बर्टा आणि उत्तराखंड येथील गेल्या काही वर्षांतील घटना मात्र सांगतात, की ही एकाच साखळीची दोन टोके आहेत आणि साखळी तुटते ती बहुधा हवामानाच्या अंदाजात नव्हे, तर माणसांच्या व्यवस्थेत.

नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या आठवड्यात, ऐन हिवाळ्यात, वणव्याने एखादे उपनगर जळून खाक होईल, अशी कल्पना अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या रहिवाशांनी सहसा केली नसती. ३० डिसेंबर २०२१ रोजी नेमके तेच घडले. सकाळी अकराच्या सुमारास बोल्डर शहराजवळच्या मार्शल या जुन्या खाणवस्तीपाशी वाळलेले गवत पेटले. वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे गेले होते. अवघ्या तास-दीड तासात आग सुपीरियर या गावाच्या वेशीवर पोहोचली आणि तेथून शेजारच्या लुइसव्हिलमध्ये शिरली. सुमारे ३५ हजार लोकांना घरे सोडावी लागली. संध्याकाळपर्यंत हजारांहून अधिक घरांची राख झाली होती. नंतरच्या मोजणीत हा आकडा १,०८४ वर स्थिरावला. दोन जणांचा मृत्यू झाला. नुकसान दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले. कोलोरॅडोच्या इतिहासातील हा सर्वांत विध्वंसक वणवा ठरला. वाऱ्यामुळे आग विझवणारी विमाने उडूही शकली नाहीत. आणि नियतीचा उपहास असा, की दुसऱ्याच दिवशी तेथे बर्फ पडू लागला.

ज्या बर्फाने एक दिवस आधी ही आग रोखली असती, तो एक दिवस उशिरा आला, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. तो बर्फ आधी का नव्हता, वारा एवढा का होता आणि त्या दोहोंच्या मध्ये एक हजार घरे कशी आली, हे खरे प्रश्न आहेत.

निरभ्र आकाशातले वादळ

बोल्डर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला आहे. त्याच्या पश्चिमेला जेमतेम ३० किलोमीटरवर पर्वताचा मुख्य कणा चार हजार मीटरच्या आसपास उंचीवर उभा आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे या भिंतीला काटकोनात धडकतात. शिखरांच्या थोडे वर हवेचा स्थिर, उबदार थर असेल, तर तो झाकणासारखे काम करतो. भिंत ओलांडणारी हवा वरून झाकण आणि खालून डोंगर अशा चिमटीत सापडते आणि पलीकडच्या उतारावरून प्रचंड वेगाने खाली कोसळते. भरलेल्या धरणाच्या सांडव्यावरून पाणी घसरते, पायथ्याशी त्याचा वेग सर्वाधिक असतो आणि थोडे पुढे गेल्यावर ते उसळी मारून मंदावते. हवेचेही नेमके तसेच होते. फरक इतकाच, की सांडव्याखाली कोणी घर बांधत नाही. डोंगराखाली मात्र शहरे वसतात.

या वादळाला ढग लागत नाहीत, पाऊस लागत नाही. निरभ्र निळ्या आकाशाखाली छपरे उडतात. १७ जानेवारी १९८२ रोजी बोल्डरमधील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राच्या मापकावर ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद झाली आणि शहरातील सुमारे चाळीस टक्के इमारतींना कमी-अधिक इजा पोहोचली. त्याआधी ११ जानेवारी १९७२ च्या वादळात डग्लस लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांतून घेतलेली मोजमापे आजही या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत आधारभूत मानली जातात. तात्पर्य, हा वारा अज्ञात शत्रू नाही. त्याचा जेवढा अभ्यास या एका शहराच्या दारात झाला, तेवढा जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. तरीही या शहराच्या उंबरठ्यावरची घरे जळाली. ज्ञान आणि सुरक्षितता यांच्यात असलेले अंतर किती मोठे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

बर्फ खाणारा वारा

डोंगर उतरताना हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली, की तिचे तापमान सुमारे दहा अंश सेल्सियसने वाढते. उलट चढताना ढग बनून पाऊस वा हिमवर्षाव झाला असेल, तर ती किलोमीटरमागे पाच-सहा अंशच गमावते. परिणामी, पलीकडे उतरलेली हवा मूळच्यापेक्षा उबदार आणि अतिशय कोरडी असते. आल्प्समध्ये या वाऱ्याला ‘फॉन’ म्हणतात, अर्जेंटिनात ‘झोंडा’ आणि रॉकी पर्वताच्या पूर्वेला ‘चिनूक’. दक्षिण डकोटातील स्पिअरफिश या गावी २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी दोन मिनिटांत तापमान उणे २० अंशांवरून अधिक ७ अंशांवर गेले. हा विक्रम आजतागायत अबाधित आहे.

चिनूकला ‘बर्फखाऊ’ असे टोपणनाव आहे आणि ते अक्षरशः खरे आहे. हा वारा एवढा शुष्क असतो, की बर्फाचा काही भाग पाणी न होताच थेट वाफ होऊन निघून जातो. ते पाणी नदीला मिळत नाही, जमिनीत मुरत नाही आणि गवताच्या मुळाशीही पोहोचत नाही. मागे उरते ती उघडी, वाळलेली कुरणे. २०२१ मध्ये नेमके हेच घडले. त्या वर्षी वसंतात भरपूर पाऊस झाल्याने गवत उंच वाढले. जुलै ते डिसेंबर हा काळ विक्रमी कोरडा गेला. डिसेंबर संपत आला, तरी जमिनीवर बर्फाची चादर नव्हती. ओल्या वसंताने इंधन रचले, कोरड्या शरदाने ते वाळवले आणि वाऱ्याने ते पेटवत नेले.

वारा आणि बर्फ यांचे नाते एवढ्यावर संपत नाही. पश्चिमेकडील वाळवंटी पठारांवरची धूळ वसंतातल्या वाऱ्यांबरोबर कोलोरॅडोच्या हिमाच्छादित शिखरांवर येऊन बसते. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवतो, मळकट बर्फ तो शोषून घेतो; त्यामुळे धुळीच्या वर्षी बर्फ काही आठवडे आधी वितळतो. बर्फ लवकर गेला, की जंगल लवकर वाळते. जंगल जळाले, की त्या उताराची पाणी धरून ठेवण्याची शक्ती जाते. कोलोरॅडोतील २०२० चा ‘कॅमेरॉन पीक’ वणवा हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा. त्याने भाजलेल्या डोंगरावरून जुलै २०२१ मध्ये आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने पूडर नदीच्या खोऱ्यात चार जणांचा बळी घेतला. वारा, बर्फ, आग आणि पूर अशी ही एकाच दोरीची चार गाठींची रचना आहे. सरकारी कागदांवर मात्र त्या चार वेगळ्या फायली असतात.

एकच जिल्हा, दोन संकटे

ही साखळी प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायचे तर कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याचा ब्यूट जिल्हा पाहावा. फेब्रुवारी २०१७ मध्ये उबदार, बाष्पाने भरलेली वादळे या पर्वतावर आली. उंचावरही बर्फाऐवजी पाऊस पडला, तो आधीच साचलेल्या बर्फावर.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पावसाच्या पाण्याच्या उष्णतेने बर्फ फारसा वितळत नाही. खरे काम करतो तो दमट वारा. बाष्प बर्फावर येऊन गोठणबिंदूजवळच्या थंड पृष्ठभागावर द्रवरूप होते, तेव्हा ते मोठी उष्णता सोडते. एक ग्रॅम बाष्पाच्या द्रवीभवनाने साडेसात ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळू शकतो. वारा जितका जोरदार, तितका हा पुरवठा अखंड. म्हणजे कोरडा वारा बर्फ खातो आणि दमट वारा त्याचे पाणी करून खाली पाठवतो. पायथ्याला पहिल्यापासून दुष्काळ आणि वणव्याचे भय, तर दुसऱ्यापासून पुराचे.

त्या पाण्याने ओरोव्हिल धरण भरले. अमेरिकेतील सर्वांत उंच असलेल्या या धरणाचा मुख्य सांडवा ७ फेब्रुवारीला उखडू लागला. १९६८ मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून कधीही न वापरलेल्या आपत्कालीन सांडव्यावरून पाणी सोडण्याची वेळ आली आणि त्याखालचा डोंगरही धुपू लागला. १२ फेब्रुवारीला १ लाख ८८ हजार लोकांना घरे सोडण्याचे आदेश निघाले. धरण वाचले. त्यानंतर २१ महिन्यांनी, ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, याच जिल्ह्यात डोंगरावरून उतरणाऱ्या कोरड्या वाऱ्यात एका वीजवाहिनीचा सुमारे शतकभर जुना, झिजलेला आकडा तुटला. ठिणगीचा वणवा झाला आणि पॅराडाइज नावाचे सुमारे २६ हजार वस्तीचे गाव काही तासांत नाहीसे झाले. ८५ माणसे दगावली. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीजकंपनीने २०२० मध्ये न्यायालयात सदोष मनुष्यवधाच्या ८४ आरोपांबाबत दोष मान्य केला.

दोन वर्षांच्या आत एकाच जिल्ह्याने पाण्यापासून पळ काढला आणि आगीपासूनही. दोन्ही वेळा निमित्त निसर्गाचे होते. पण धरणाच्या सांडव्याखालचा कमकुवत खडक आणि खांबावरचा झिजलेला आकडा या निसर्गाच्या चुका नव्हत्या. दुर्लक्षाच्या होत्या.

जून २०१३ मधला तो आठवडा

मराठी वाचकाला हा सारा दूरदेशीचा वृत्तांत वाटू शकेल. परंतु जून २०१३ च्या एकाच आठवड्यात जगाच्या दोन टोकांना जे घडले, ते आठवले तर अंतर एकदम कमी होते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९ जूनपासून रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर मुसळधार पाऊस सुरू झाला. उंचावर त्या वर्षी उशिरापर्यंत बर्फ टिकून होता. पाऊस आणि बर्फाचे पाणी एकत्र होऊन बो आणि एल्बो या नद्यांना पूर आला. कॅल्गरी शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला. हाय रिव्हर हे छोटे शहर जवळजवळ पूर्णपणे रिकामे करावे लागले. दक्षिण अल्बर्टात सुमारे एक लाख लोक स्थलांतरित झाले. नुकसान अब्जावधी डॉलरचे झाले. मृतांची संख्या पाच.

त्याच आठवड्यात, १६ आणि १७ जूनला, उत्तराखंडात केदारनाथची दुर्घटना घडली. मोसमी वाऱ्यांनी त्या वर्षी विक्रमी वेगाने १६ जूनलाच संपूर्ण देश व्यापला. त्या काळी यासाठी १५ जुलै ही सरासरी तारीख धरली जात असे. म्हणजे पर्वतावर बर्फ वितळण्याचा हंगाम संपण्यापूर्वीच मोसमी पाऊस दाखल झाला. चोराबारी हिमनदीजवळच्या वाडिया हिमालयीन भूविज्ञान संस्थेच्या केंद्राने २४ तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदवला. १७ जूनच्या सकाळी चोराबारी तलावाचा हिमोढाचा बांध फुटला आणि पाणी, दगड व चिखल यांचा लोंढा ऐन यात्रेच्या काळात केदारपुरीवर आदळला. राज्यभरात पाच हजारांहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. त्यांत देशभरातून आलेले भाविक होते आणि चारधाम यात्रेची परंपरा जपणाऱ्या महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी त्या आठवड्यात आपली माणसे गमावली.

एका ठिकाणी पाच मृत्यू, दुसऱ्या ठिकाणी पाच हजार. दोन्ही ठिकाणी कारणांचा गाभा एकसारखा होता: डोंगरावरचा पाऊस आणि त्याला मिळालेले बर्फाचे पाणी. भूरचना सारखी नाही, हे मान्य. कॅल्गरी रुंद दरीच्या तोंडाशी आहे, तर केदारनाथ साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या अरुंद खोऱ्यात. तथापि, हजारपटीचा हा फरक केवळ भूगोलाने स्पष्ट होत नाही. कॅल्गरीत कोणत्या गल्लीत कोण राहते, हे पालिकेला माहीत होते. केदारनाथच्या वाटेवर त्या दिवशी किती माणसे आहेत, याची नोंद कोणाकडेच नव्हती. उत्तराखंडात तेव्हा एकही डॉप्लर रडार नव्हते. अतिवृष्टीचा इशारा हवामान विभागाने दिला होता. यात्रा मात्र थांबवली गेली नाही. हिमनदीजवळच्या यंत्राने पाऊस मोजला, पण ती मोजणी तातडीने खालच्या माणसांपर्यंत नेणारी व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

इशारा होता, निरोप नव्हता

अर्थात, प्रगत देशांत हा निरोप नेहमी पोहोचतो, असे समजण्याचे कारण नाही. मार्शल वणव्याच्या दिवशी अमेरिकेच्या हवामान सेवेने तीव्र वाऱ्याचा इशारा आगाऊ दिला होता. परंतु वणव्याला अनुकूल परिस्थितीचा जो स्वतंत्र ‘लाल निशाण’ इशारा असतो, तो जारी झालेला नव्हता; कारण हवेतील आर्द्रता ठरलेल्या निकषापर्यंत खाली गेलेली नव्हती. वारा एका रकान्यात, आर्द्रता दुसऱ्या रकान्यात. आणि महिनोन्‌महिने वाळलेले गवत कोणत्याच रकान्यात नाही, अशी ही स्थिती. वेगवेगळ्या संकटांचे निकष वेगवेगळे ठरवले, की त्यांच्या संयोगाला निकषच उरत नाही.

लोकांपर्यंत सूचना जाण्याची रीतही तोकडी पडली. बोल्डर जिल्ह्यात त्या वेळी मोबाइलवर सूचना मिळण्यासाठी नागरिकाने आधी स्वतः नाव नोंदवणे आवश्यक होते. परिसरातील सर्व फोनवर एकाच वेळी संदेश झळकवण्याची यंत्रणा तेव्हा वापरात आलेली नव्हती. अनेकांना आगीची पहिली खबर मिळाली ती शेजाऱ्याच्या हाकेने किंवा खिडकीबाहेरच्या धुराने. बहुसंख्य लोक सुखरूप निसटले, याचे श्रेय बऱ्याच अंशी दिवसाची वेळ, सुटीचा आठवडा आणि रुंद रस्ते यांना जाते. हीच आग रात्री दोन वाजता लागली असती, तर आकडा दोनवर थांबला असता का?

भारतात २०२३ पासून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी मोबाइलवर सर्वांना एकाच वेळी सूचना देण्याच्या चाचण्या घेतल्या. उत्तराखंडात मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाउन येथे डॉप्लर रडारे उभी राहिली. हिमसरोवरे फुटण्याचा धोका कमी करण्यासाठी २०२४ मध्ये चार हिमालयीन राज्यांकरिता दीडशे कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेल्यानंतरची ही मंजुरी होती. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार; तरी विहीर खणली जात आहे, हेही नसे थोडके. पण संदेश फोनवर झळकला, तरी तो वाचणाऱ्याला कोणत्या वाटेने, किती उंचीवर आणि किती वेळात जायचे, हे ठाऊक नसेल, तर तो संदेश केवळ मृत्यूची आगाऊ सूचना ठरतो.

वीज तोडावी की ठेवावी?

वाऱ्याच्या बाबतीत एक नवा आणि नाजूक प्रश्न उभा राहिला आहे. वादळात तारा तुटून ठिणग्या पडतात. मग वादळापूर्वी वीजच बंद केली तर? मार्शल वणव्याच्या तपासाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये जाहीर झाले. आगीचे उगम दोन होते: एका धार्मिक समूहाच्या जागेतील, आठवडाभरापूर्वी पुरलेली आणि वाऱ्याने पुन्हा उघडी पडलेली शेकोटी, आणि बहुधा एक्सेल एनर्जी कंपनीची सुटलेली वीजवाहिनी. फौजदारी गुन्हा कोणावरही दाखल झाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता सुमारे ६४ कोटी डॉलरची तडजोड केली.

दरम्यान, एप्रिल २०२४ मध्ये याच कंपनीने कोलोरॅडोत प्रथमच वादळापूर्वी सुमारे ५५ हजार ग्राहकांची वीज जाणीवपूर्वक तोडली. आग लागली नाही. तक्रारी मात्र उसळल्या. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णांचे काय, पाणी आणि सांडपाण्याच्या पंपांचे काय, दुकानांतील नासलेल्या मालाचे काय, असे प्रश्न विचारले गेले आणि ते रास्तच होते. डिसेंबर २०२५ च्या वादळातही वीज तोडली गेली. त्या खंडात बोल्डरमधील राष्ट्रीय मानक संस्थेची आण्विक घड्याळांची व्यवस्था विस्कळित होऊन अमेरिकेच्या प्रमाणवेळेत काही मायक्रोसेकंदांचा फरक पडला. वाऱ्याच्या एका झोताने राष्ट्राच्या घड्याळाला धक्का द्यावा, यावरून आधुनिक जीवन किती बारीक तारांवर लटकते आहे, हे लक्षात येते.

वीज तोडणे हा उपाय नव्हे. ती उपाय नसल्याची कबुली आहे. तारा जमिनीखाली नेणे, जुने खांब बदलणे, रुग्णालये आणि पंपगृहे यांना स्वतंत्र वीज देणे हे खरे उपाय खर्चिक आहेत. तो खर्च कंपनीने सोसायचा, ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा, की सरकारने उचलायचा, यावर निर्णय होत नाही तोवर वादळाच्या दिवशी अंधार हीच सुरक्षितता समजली जाईल. आणि याच डिसेंबरात अमेरिकी सरकारने बोल्डरचे राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र मोडीत काढण्याचा इरादा जाहीर केला, हा योगायोग दुर्दैवीच म्हणावा लागेल. ज्या संस्थेने या वाऱ्याचे अंतरंग उलगडले, तिलाच अनावश्यक ठरवणे म्हणजे वारा मोजणे थांबवले, की तो वाहायचा थांबेल असे मानणे होय.

जमिनीचा हिशेब

सर्व प्रश्नांच्या मुळाशी अखेर एक जुनाच प्रश्न येतो: घर कुठे बांधावे? पायथ्याची जमीन मोहक असते. पाणी जवळ, हवा स्वच्छ, मागे हिमशिखरे. बोल्डरच्या नागरिकांनी १९६७ मध्ये स्वतःवर कर लादून घेऊन शहराभोवतीची कुरणे मोकळी राखली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. त्या दूरदृष्टीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण कालांतराने त्याच मोकळ्या कुरणांच्या कडेला दाट उपनगरे उभी राहिली. घरांमध्ये लाकडी कुंपणे आली आणि मार्शलच्या आगीत त्याच कुंपणांनी वातीचे काम केले. कुरणातली आग बघता बघता घराघरांतून पळणारी शहरी आग झाली. निसर्ग राखणे आणि त्याच्या शेजारी कसे राहावे हे ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले, दुसरे राहून गेले.

आगीनंतर अनेक कुटुंबांच्या ध्यानात आले, की विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्यास पुरेशी नाही. राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, ज्यांना खासगी कंपन्या विमा देत नाहीत त्यांच्यासाठी शेवटच्या आधाराची योजना निर्माण केली आणि वणव्याला तोंड देणाऱ्या बांधकामाचे नियम ठरवण्यासाठी मंडळ नेमले. पावले योग्य दिशेची आहेत. तथापि, येथे एक पेच आहे. विमा स्वस्त ठेवला, तर धोक्याच्या जागी बांधकाम चालूच राहते. महाग केला, तर आधीपासून राहणाऱ्या सामान्य माणसाला परागंदा व्हावे लागते आणि ती जागा श्रीमंतांच्या हाती जाते. धोका कमी होत नाही, फक्त धोक्यात राहणाऱ्याचा वर्ग बदलतो.

अल्बर्टाने यावर एक कठोर, पण प्रामाणिक मार्ग चोखाळला. हाय रिव्हरमधील वॉलेसव्हिल ही वस्ती सरकारने विकत घेतली, घरे हलवली वा पाडली आणि जागा नदीला परत दिली. कॅल्गरीच्या वरच्या बाजूला स्प्रिंगबँक येथे पुराचे पाणी वळवून साठवणारा जलाशय उभारला. त्याला दशकाहून अधिक काळ लागला. शहाणपण स्वस्त नसते आणि झटपटही येत नाही.

उत्तराखंडात डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे केदारनाथच्या सहा महिने आधीच, गोमुख ते उत्तरकाशी या पट्ट्यातील ४,१७९ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले होते. याच पट्ट्यात धराली हे गाव आहे. खीरगाड या ओढ्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर तेथे हॉटेले आणि घरे उभी राहिली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी तोच ओढा चिखलाचा डोंगर घेऊन आला आणि काही सेकंदांत बाजारपेठ गाडली गेली. या वेळीही महाराष्ट्रातले अनेक पर्यटक परिसरात अडकले होते. ओढ्याने जमीन बळकावली नाही; स्वतःच टाकलेल्या गाळावर तो परत आला. कागदावर संवेदनशील असलेली जमीन प्रत्यक्षात मात्र विक्रीयोग्य राहिली. पूर ओसरला, की ‘येरे माझ्या मागल्या’.

हिमालयात वाऱ्याची आणि आगीची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी राहिलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळचा वणवा विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमताल सरोवरातून पाणी उचलावे लागले. एकात्मिक पर्वत विकासाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की हिंदुकुश-हिमालय प्रदेशात त्या हंगामात बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी, म्हणजे २३ वर्षांतले नीचांकी होते. बर्फ कमी म्हणजे पुराचा धोका कमी, असा सोपा अर्थ काढता येत नाही. बर्फ कमी म्हणजे चिराच्या झाडांची वाळलेली पाने अधिक काळ उघडी, म्हणजे वणवे अधिक, म्हणजे पावसाळ्यात भाजलेले उतार अधिक सैल. कोलोरॅडोत दिसलेली साखळी येथेही त्याच क्रमाने उलगडू शकते. फक्त येथे पायथ्याला राहणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आणि त्यांच्यापैकी विमा असलेल्यांची फारच थोडी.

तीन गोष्टी त्यामुळे अपरिहार्य ठरतात. पहिली, वारा, बर्फ, वणवा आणि पूर यांची दिनदर्शिका एक करणे. हिवाळ्यात किती बर्फ पडला, तो किती आधी गेला आणि त्याखालचा उतार जळालेला आहे का, हे एकाच टेबलावर एकत्र दिसले पाहिजे. तरच संयोगाचा इशारा देता येईल. दुसरी, इशाऱ्याचे मोजमाप तो वेळेवर दिला की नाही यावर नव्हे, तर किती लोक वेळेत हलले यावर करणे. तिसरी आणि सर्वांत अवघड, नदी, ओढा आणि वारा यांच्या वाटेतली जमीन विक्रीच्या बाजारातून बाहेर काढणे आणि तेथून हलवल्या जाणाऱ्यांना भरपाई नव्हे, तर पर्यायी उपजीविका देणे. धरालीतला हॉटेलवाला नदीकाठी राहतो, तो हौसेने नव्हे. यात्रेकरू तेथे उतरतो म्हणून. या व्यवहारात ग्राहक असलेल्या शहरी माणसाचाही त्यात वाटा आहे. खोलीच्या खिडकीतून नदी दिसावी, ही अपेक्षा तोच बाळगतो.

दुरून डोंगर साजरे, ही म्हण पायथ्याला राहणाऱ्यांनी बनवलेली नसावी. त्यांना डोंगर दुरून पाहण्याची सोय नाही. वरून येणारा वारा आणि पाणी थोपवता येत नाहीत. पण ते कोणत्या वाटेने येतात, हे पाच दशकांच्या मोजमापांनी आणि अनेक दुर्घटनांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. आता त्या वाटेवर आणखी घरे बांधायची की वाट मोकळी करायची, हा निर्णय हवामानशास्त्राचा राहिलेला नाही. तो नगररचनेचा, अर्थकारणाचा आणि अखेर राजकीय इच्छाशक्तीचा आहे.